नळापासून एकशे त्रेपन्न फूट

सोमवार, १ सप्टेंबर १९७५

एकवीस वर्षं महापालिकेच्या रस्ते खात्यात टेप धरला, आणि आज मला तिथून उचलून अतिक्रमण खात्यात टाकलं. कारण काय, तर इंजिनियरसाहेबांची मोजणी चार फुटांनी चुकली होती आणि मी ते चारचौघांत सांगितलं. त्यांचे चार फूट राहिले बाजूला, बदली माझी झाली.

नवं टेबल बेवारस वाहनांचं. टेबलाचे तीनच पाय धड आहेत, चौथ्याखाली कुणीतरी विटेचा तुकडा दिलाय. हेडक्लार्क शंकरप्पा बिराजदार, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. माणूस बरा वाटला. म्हणाले, "रावजी, आणीबाणी आहे. वरून हुकूम आलाय, दिवाळीच्या आत रस्त्यावर एकही बेवारस गाडी दिसता कामा नये. तुम्ही नोंद करा, नोटीस चिकटवा, पंधरा दिवसांत मालक आला नाही की क्रेन पाठवू. यात डोकं लावायचं काही नाही."

मग कपाटातून एक जाड फाइल काढून माझ्यापुढे सरकवली. "फक्त हिला सांभाळा. हिनं पाच जणांना चकवलंय."

पाराच्या गल्लीतली लॉरी. नंबरपाटी नाही, पासिंग नाही, कागद नाहीत. १९७० पासून दरवर्षी पावसाळ्यात कुणीतरी कारकून नोंद करतो आणि दरवर्षी पुढच्या माणसाला ती त्या जागी सापडत नाही. जागा बदलली म्हणजे गाडी वापरात आहे, असं समजून फाइल बंद. पाच वेळा.

घरी आल्यावर हिला सांगितलं, उद्यापासून तुझा नवरा भंगारवाला. विजयमाला भाकरी टाकत होती, ती हसली. मग पाराच्या गल्लीचं नाव निघालं आणि तिची भाकरी अर्धी तव्यावर, अर्धी चुलीत पडली. बावीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदा झालं. नोंद करून ठेवतो.

गुरुवार, ४ सप्टेंबर

पाराची गल्ली आमच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे, पण माझं तिकडे जाणं नाही. ही दळण घेऊन जाते. गल्ली अरुंद, थोडी चढाची आणि पुढे बंद. तोंडाशी सार्वजनिक नळ, मग सिद्रामप्पाची पिठाची गिरणी, मग विजेचा खांब, मग कडुनिंब. गल्ली संपते तिथे समोर एकच घर, पुढे कुंपण नसलेलं मोठं अंगण. रस्ता आणि अंगण यांच्यामध्ये आडवं उघडं गटार.

लॉरी कडुनिंबाखाली उभी, तोंड त्या घराकडे. लष्करातून काढून टाकलेली जुनी गाडी असावी. रंग उडालाय. पण काचेवर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. बेवारस गाडीची काच कोण पुसतं? टायर फाटलेत, आणि हवेच्या जागी आत चिंध्या ठासल्यात. एका फटीतून जुन्या लुगड्याचा काठ बाहेर आला होता.

बॉनेट उचललं. आत इंजिन नाही. रिकामी जागा, तीही झाडून घेतलेली.

सिद्रामप्पाला विचारलं. म्हणाला, "ती हितंच हाय की. लई वर्षं झाली."

"हितंच म्हणजे नेमकी कुठे?"

"हितंच. हालंल कशाला? इंजिन न्हाय तिला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातच काढलं."

गल्लीतल्या सात पुरुषांना विचारलं. सातही जण शपथेवर सांगतात की लॉरी तसूभर हललेली नाही. बायकांना विचारावं तर एकीचं दूध उतू चाललेलं, एकीला ऐकू येत नाही, एकीला मराठी येत नाही. मी पाठ वळवली तशा तिघी आपसांत मराठीतच बोलायला लागल्या. असल्या बायकांशी माझं जमत नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

आज टेप घेऊन गेलो. आधीच्या कारकुनांनी फूट लिहिलेले नाहीत, नुसतं अमक्यासमोर, तमक्याला लागून. पण तेवढं मला पुरे. नळ हे शून्य धरलं आणि दर वर्षीचं मागचं चाक कुठे असेल ते काढलं.

१९७० ला लॉरी नळापाशी. १९७१ ला पहिल्या घराच्या दारासमोर, म्हणजे अकरा फूट. १९७२ ला गिरणीच्या पायरीसमोर, पस्तीस. १९७३ ला गिरणीच्या खिडकीसमोर, एक्केचाळीस. १९७४ ला विजेच्या खांबाला लागून, एकोणऐंशी. आणि आज कडुनिंबाखाली, एकशे वीस.

म्हणजे पहिल्या वर्षी अकरा फूट, मग चोवीस, मग सहा, मग अडतीस, मग एक्केचाळीस. सगळे चढाकडे. एकदाही उताराला नाही, एकदाही मागे नाही. आणि इंजिन काढल्यानंतर ती जास्त चाललीय.

दोनदा मोजलं. माझी मोजणी चुकत नाही.

मी देवभोळा नाही. अमावास्येला स्मशानाजवळच्या रस्त्याची मोजणी केलेला माणूस आहे. पण हा कागद पुढ्यात घेऊन बसलो आणि अंगावर काटा उभा राहिला. तीन टनांचं लोखंड, इंजिन नाही, हवा नाही, चालवणारा नाही, आणि ते वर्षानुवर्षं गुपचूप चढ चढतंय. भीती वाटली म्हणावं तर तसंही नाही. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा वाकून शिरताना लहानपणी वाटायचं, तसं काहीतरी.

हिनं कागद पाहिला. "तुमी हे सगळं मोजलंसा?" मग सहाच्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "त्या साली दुष्काळ हुता."

मी म्हटलं, दुष्काळाचा आणि लॉरीचा काय संबंध? ती आत गेली. कोणत्या गोष्टीचा कशाशी संबंध जोडेल, काही नेम नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

आज नोटीस चिकटवली. पंधरा दिवसांची मुदत १४ ऑक्टोबरला संपते, त्या दिवशी दसरा. क्रेन १५ ला सकाळी येणार. माझ्या नावावर बेचाळीस वाहनं नोंदली गेलीत, पण भाऊसाहेब रोज या एकाच लॉरीचं विचारतात.

खळ वाळायच्या आत मागे एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. शेवटच्या घरातली चंद्रव्वा. कडक भाकरी करून विकते. म्हणाली, "अण्णा, मला वाचाया येत न्हाय. काय लिवलंय ते सांगा की."

मी वाचून दाखवलं. पंधरा दिवसांत वाहनाच्या मालकाने कार्यालयात समक्ष हजर राहावे.

"मालक कसं येतील?" ती म्हणाली. "त्यांना येता आलं असतं तर गाडी हितं ऱ्हायली असती व्हय?"

मग तिनं जे सांगितलं ते असं. लॉरी तिच्या नवऱ्याची, निंगप्पाची. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या हाकल्या, सत्तर साली स्वतःची घेतली. नंबर मिळायचा होता. मंद्रूपहून येताना निरोप धाडला की आज गाडी दारात आणून लावतो, तू ओवाळायचं ताट तयार ठेव. नळापाशी येऊन गाडी थांबली. तो खाली उतरला, हँडल मारायला वाकला, आणि तिथंच गेला. चंद्रव्वा ताट घेऊन दारात उभी होती. मधे दीडशे फूट.

इंजिनाचं विचारलं तर म्हणाली, दुष्काळात तिनंच दिलं, मंद्रूपच्या विहिरीवर बसवायला. "अर्धं गाव पाणी प्यालं त्याच्यावर. इंजिन पडून काय करायचं हुतं?"

मी आवाज जरा खाली आणून विचारलं, "बाई, खरं सांगा. ही लॉरी हलवतं कोण?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ती घरला चाललीया," म्हणाली, आणि पदरानं हेडलाइट पुसून निघून गेली.

नोटीस तिनं फाडली नाही. उलट एक कोपरा सुटला होता तो दाबून गेली. परत येताना सायकलवर बसायचं विसरलो, हातात धरूनच चालत आलो.

गुरुवार, २ ऑक्टोबर

सुट्टी. जेवताना हिनं विचारलं, "त्या चंद्रव्वाची गाडी नेऊन काय करनार?"

म्हटलं, फोडणार. लोखंड वेगळं, पत्रा वेगळा. ती घास हातात धरून बसली. मग मी समजावलं की नियम म्हणजे नियम. आमची सत्ता रस्त्यावर चालते. तीच लॉरी तिच्या अंगणात असती तर आमचे कमिशनरसुद्धा बोट लावू शकत नव्हते. गटाराच्या अलीकडे महापालिका, पलीकडे चंद्रव्वा.

"आंगनात म्हंजे पुरी आत पायजे का पुडची चाकं गेली तरी चालतंय?"

"पुरी. मागची चाकंसुद्धा गटाराच्या पलीकडे."

"म्हंजे कडुनिंबापासनं किती?"

"तेहतीस फूट," मी म्हटलं. ताबडतोब सांगितलं, कागद बघावा लागला नाही. तिनं मान डोलावली आणि मला आणखी एक भाकरी वाढली. माझ्या कामात हिला इतका रस कधी नव्हता. रस्ते खात्यात होतो तेव्हा डांबराचा वास येतो म्हणून कपडे बाहेर काढायला लावायची. बरं वाटलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सोमवारी घट बसले. तेव्हापासून ही रोज संध्याकाळी हादग्याला जाते. आपल्या गल्लीत खेळून झालं की दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. काल तेलुगू बायकांकडे, आज गिरणकामगारांच्या चाळीत. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं पोरीसोरींत फेर धरायचा म्हणजे कमाल आहे. विचारलं तर म्हणाली, "समद्यास्नी दसऱ्याचं बोलावनं करायला लागतंय." कसलं बोलावणं? दसऱ्याला बायका कुठे जातात? पुरुष शिलंगणाला वेशीबाहेर सोनं लुटायला जातात, आणि बायका घरी राहून आल्यावर ओवाळतात. हे काही मी तिला शिकवायला नको.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सापडलं.

सिद्रामप्पाच्या गिरणीत बसलो होतो. बोलता बोलता म्हणाला, "आता बरा उजेड हाय. मागं ही लॉरी खिडकीवर अंधार करून हुती. दसरा झाला की उजेड याया लागला. सूर्य सरकतो न्हवं का, त्यानं."

"कोणत्या वर्षी?"

"त्र्याहत्तर. त्याच्या आदी दाराचा अंधारबी असाच दसऱ्याला गेला."

सूर्य त्याच्या खिडकीपुरता सरकला, आणि या शहाण्याला वावगं वाटलं नाही. पण आपल्याला दिवस मिळाला. लॉरी दसऱ्यालाच हलते. आधीही नाही, नंतरही नाही. लॉरीपाशी कोण येतं ते पकडायचंय म्हणून सिद्रामप्पाकडे गिरणीची किल्ली मागितली. म्हणाला, "खंडेनवमीला मशीन पुजनार हाय, आत बसा पर हात लावू नका."

यंदा मी शिलंगणाला जाणार नाही. खिडकीतून बघणार. माणूस असेल तर पकडीन. माणूस नसेल तर, बघू.

सोमवार, १३ ऑक्टोबर

खंडेनवमी. कार्यालयात टाइपरायटरला झेंडू, क्रेनला केळीचे खुंट. क्रेनचा ड्रायव्हर म्हणाला, पूजलेल्या क्रेनला बुधवारपर्यंत हात लावणार नाही. गल्लीतून चक्कर मारली तर लॉरीलाही हार. चाकांना हळदकुंकू.

घरी हिनं माझा टेप पुजला, ही वही पुजली, आणि स्वयंपाकघरातला पाटा. रात्री चटणी मागितली तर म्हणाली, पाटा पुजलाय, आज त्यावर वाटायचं नाही. ते खरं. पण नंतर पाणी प्यायला गेलो तर पाटाच जागेवर नव्हता. पुजलेला पाटा कुठे ठेवतात, मला माहीत नाही.

उद्या पुरणपोळ्या. दरवर्षी पोळ्या लाटून हिची कंबर धरते आणि दुसऱ्या दिवशी चहा मला करावा लागतो. आधीच सांगितलं, कमी कर. म्हणाली, "कंबर धरायची ती धरतीयाच." मग विचारलं, "उद्या शिलंगणाला जानार न्हवं?"

जाणार, म्हणालो. हिच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही, कान गरम झाले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर, दसरा

जसं झालं तसं लिहितो.

साडेचारला टोपी घालून निघालो, कोपऱ्यावरून वळलो आणि मागच्या बाजूनं गिरणीत शिरलो. पिठाच्या पोत्यावर बसलो, खिडकी बोटभर उघडी ठेवली. पाचला हलग्या वाजल्या. पाराच्या गल्लीतले पुरुष फेटे बांधून बाहेर पडले, सिद्रामप्पा सगळ्यांत पुढे. हलग्यांचा आवाज लांब गेला. गल्ली रिकामी झाली.

मग एक दार उघडलं. मग दुसरं. एकेक करून बायका बाहेर आल्या, पदर खोचलेल्या. दूध उतू जाणारी आली, ऐकू न येणारी आली. नळाकडून आणखी आल्या, अनोळखी, तेलुगू बोलणाऱ्या, चाळीतल्या, दोन बुरखेवाल्या. मी मोजत होतो. चौतीस झाल्या. कुणी बोलत नव्हतं. एकीनं मोटेचा जाड नाडा आणला आणि लॉरीच्या पुढच्या दांडीला बांधला, अशी गाठ की रस्ते खात्यात मारता येत नाही.

आणि प्रत्येकीच्या डोक्यावर काहीतरी होतं. मला आधी कळेना. त्यांनी ते अंगणासमोरच्या गटारात उतरवलं तेव्हा दिसलं. पाटे. चटणी वाटायचे दगडी पाटे, कालच्या हळदकुंकवाचे. एकावर एक रचत त्यांनी गटार रस्त्याच्या बरोबरीला आणलं. शहाबादी फरशी टाकली असती तर लॉरीखाली मोडली असती. त्यांना ते माहीत होतं.

एक बाई खाली वाकून पाट्यांची पातळी हातानं बघत होती. उठली, डाव्या मडगार्डाला खांदा लावला, आणि वळून म्हणाली, "चला गं."

ती विजयमाला होती.

मी पोत्यावरून उठलो आणि परत बसलो. माझी बायको, जिला मी पाण्याची घागर उचलू देत नाही कंबर दुखते म्हणून, ती त्या लोखंडाला असा खांदा लावून उभी होती की जशी तिची रोजचीच जागा. पुढच्या नाड्याला वीस जणी, मागे बाकीच्या. चंद्रव्वा स्टिअरिंगवर. "हं," एवढाच आवाज, आणि लॉरी हलली. माझ्या डोळ्यांदेखत हलली. वीतभर, मग थांबली. मागच्या चाकाखाली लगेच दगड. पुन्हा "हं". पुन्हा वीतभर.

पाच फूट. दहा फूट. एक म्हातारी बसली, तिच्या जागी दुसरी आली. वीस फूट. मला आजवर कशाचं एवढं नवल वाटलेलं नाही. भुताची गोष्ट असती तर परवडली असती. एकवीस वर्षं या शहरातले रस्ते मी फुटांनी मोजले आणि त्यांतला एक फूट म्हणजे काय, हे मी आज पाहत होतो.

पुढची चाकं पाट्यांवरून पलीकडे गेली होती, सव्वीस फुटांवर चढ वाढला. तिथं ती अडली. "हं" झालं, हलली नाही. पुन्हा, नाही. लांबून हलग्या ऐकू यायला लागल्या. पुरुष परत फिरले होते. सगळ्या जणी एकदम झोंबल्या, लॉरी हातभर वर गेली, आणि दगड लावणारीचा पाय घसरला. दगड सुटून उताराला गेला. मागच्यांनी पाठीनं रेटून धरली तरी लॉरी इंचाइंचानं मागे यायला लागली. मागे अकरा जणी होत्या.

मी तपासणीला आलेला सरकारी माणूस होतो. ते मला आठवलं तेव्हा मी चढावर धावत होतो, गिरणीच्या पायरीचा सुटा दगड पोटाशी धरून. चाकाखाली टाकला. लॉरी त्याच्यावर येऊन टेकली आणि थांबली.

कुणी किंचाळलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा झालेला मी. विजयमाला मडगार्डावरचा खांदा न काढता म्हणाली, "गिरनीत बसलायसा ते मला कवाच दिसलंय. आता आलायसा तर मागं हात लावा. हलगी जवळ आली."

मी हात लावला. माझ्या उजवीकडे ऐकू न येणारी होती. ती म्हणाली, "अण्णा, हातानं न्हाय, पाठीनं." पाठ लावली. सात फूट राहिले होते. ते सात फूट मी मोजले नाहीत. टेप खिशात होता आणि आठवला नाही.

मागचं चाक शेवटच्या पाट्यावरून अंगणाच्या मातीत उतरलं तेव्हा लॉरी आपोआप थोडी पुढे गेली आणि दारासमोर थांबली. चंद्रव्वा खाली उतरली. घरात गेली. तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. परगावाहून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तुकडा तिनं बॉनेटवरून तीनदा ओवाळला आणि लांब टाकला. दोन्ही पुढच्या चाकांवर पाणी घातलं. मग ताट आणलं. मघाशीच लावलेलं असणार, निरांजन जळत होतं.

"आलासा?" ती लॉरीला म्हणाली. "लई येळ लावलासा."

चौतीस बायका रडत होत्या. मीही. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पुरुष आले तेव्हा गटारातले पाटे निघाले होते आणि प्रत्येक दारात एक बाई ताट घेऊन उभी होती. सिद्रामप्पा माझ्या हातात आपट्याचं पान देऊन म्हणाला, "पकडलासा का?" मी म्हटलं, कुणी नव्हतं. तो आपल्या घरात गेला. अंगणाकडे त्यानं पाहिलंच नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सकाळी क्रेन आली आणि रिकाम्या कडुनिंबाखाली उभी राहिली. मी अहवाल लिहिला: सदर ठिकाणी वाहन आढळून आले नाही. महापालिकेच्या रस्त्यावर कुठेही आढळून आले नाही.

भाऊसाहेबांनी वाचला. चष्मा काढला. "सहावा माणूस," म्हणाले. मग हळू आवाजात, "रावजी, आता कुठं आहे ती?"

"घरी पोचली," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा परत लावला. मग फाइलीला नाडी बांधली आणि उठून स्वतः कपाटात सगळ्यांत खाली ठेवली. जाताना म्हणाले, "आमच्या घरात परवापासून पाटा सापडत नव्हता. आज सकाळी जागेवर आहे." आणि चहाला गेले.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

हिची कंबर धरलीय. चहा मी केला. मग मोहरीचं तेल गरम करून घेतलं आणि म्हटलं, पालथी झोप. आधी नको म्हणाली, मग झोपली. तेल लावताना विचारलं, पहिल्या वर्षी किती जणी होता? "नऊ. पुरुषांना सांगितलं तर हसले. म्हनाले, भंगारात घाला. मग आमी ठरवलं, ही मानसं शिलंगणाला गेली की करायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी कदी इचारलंसा?"

ती झोपल्यावर ट्रंकेतून जुन्या वह्या काढल्या. दर दसऱ्याचं पान उघडलं. १९७०: हिची कंबर धरली, पोळ्या जास्त झाल्या. १९७१: कंबर. तेल लावते म्हणाली. १९७३: पुन्हा कंबर, पोळ्या कमी करायला सांगायचं. १९७४: तेच. सगळं माझ्याच अक्षरात, तारखेसकट, एकही वर्ष न चुकवता नोंदलेलं.

१९७२ चं पान शेवटी वाचलं. दुष्काळाचं वर्ष. लिहिलं होतं: यंदा घरात डाळ नाही, गूळ नाही, पोळ्या केल्या नाहीत. तरी हिची कंबर धरली. का ते कळत नाही.

एवढंच लिहून मी त्या दिवशी वही मिटली होती. आज पेन्सिल घेतली आणि त्या ओळीच्या शेजारी लिहिलं: सहा फूट.